नकाशा संगणकावर, टेप मात्र आपल्या हातात

घर बांधायला काढलेले गिऱ्हाईक हल्ली मिस्त्रीकडे येते ते मोबाइलवर चित्र घेऊनच. चित्र मोठे देखणे असते. दिवाणखान्यात सोफा, खिडकीला पडदे, फाटकाशी फुलांच्या कुंड्या. मिस्त्री चित्र वाखाणतो आणि विचारतो, "ही खोली किती बाय किती?" गिऱ्हाईक पुतण्याकडे पाहते, पुतण्या मोबाइल चाळतो, आणि शेवटी उत्तर येते की, "अंदाजे धरा ना चाचा, तुम्ही काय नवीन आहात का?"

आपल्या कारागीर बांधवांपैकी अनेकांची मुले घराच्या डिझाइनचे सॉफ्टवेअर शिकत आहेत. ज्या घरात आजोबांनी करवत-रंधा चालविला त्या घरात नातू संगणकावर स्वयंपाकघर मांडतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु क्लासमध्ये मुले ज्यात रमतात ते चित्राचे काम असते. नकाशावर मापे टाकणे आणि जागेचा नकाशा, म्हणजे साइट प्लॅन, नीट काढणे या दोन रुक्ष गोष्टी मागे राहतात. आमचे स्पष्ट मत असे आहे की शिकण्याचा क्रम उलटा हवा. चित्राने गिऱ्हाईक येते हे खरे. पण सुताराचे लाकूड, फॅब्रिकेटरची ग्रिल आणि गवंड्याची वीट मापावर कापली जाते. चुकलेल्या मापाचा भुर्दंड संगणकावर बसलेल्याला पडत नाही, तो शेवटच्या हातावर पडतो. हा शेवटचा हात बहुधा आपलाच असतो.

पहिली चूक टिंबाची. आपल्या बाजारात दहा फूट सहा इंच हे माप १०.६ असे लिहिण्याची जुनी चाल आहे. कागदावर सर्वांना ते कळते. संगणकाला मात्र टिंब म्हणजे दशांश. फुटांत काम चालू असताना १०.६ टाकले की तो दहा फूट आणि फुटाचे सहा दशांश, म्हणजे दहा फूट ७.२ इंच धरतो. सव्वा इंचाचा फरक झाला. दहा फूट दहा इंच हे १०.१० असे टाकले तर त्याचे १०.१ होते, म्हणजे दहा फूट सव्वा इंच. इथे पावणेनऊ इंच गेले! आणि ही चूक चित्रात दिसत नाही, खोली तशीच सुंदर दिसते. फूट-इंचांत काम करायचे तर फुटाची एक खूण आणि इंचाची दोन खूण टाकूनच माप लिहावे. त्याहून बरे म्हणजे मिलीमीटर. दुबई, कुवेत, सौदीत काम करून परतलेल्या आपल्या कोकणातील बांधवांना हे सांगावे लागत नाही. तिकडच्या ड्रॉइंगवर टिंब नसतेच. दहा फूट सहा इंच म्हणजे ३२००, विषय संपला. आपल्याकडचा सुतार इंच आणि सूत सोडायला तयार नसतो, त्याचे आम्हाला काही वावगे वाटत नाही. एका इंचाची आठ सुते हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण संगणकावर बसणाऱ्या मुलाला दोन्ही हिशेब यायला हवेत.

दुसरी गोष्ट अधिक पैसे खाते. माप कुठून कुठपर्यंत? भिंत म्हणजे वीट आणि तिच्यावर प्लास्टर. बाहेरची नऊ इंची भिंत २३० मिलीमीटरची धरतात, आतल्या अंगाचे प्लास्टर साधारण १२ मिलीमीटर. यातील बरीच सॉफ्टवेअर अमेरिकेतील लाकडी चौकटीची घरे डोळ्यांपुढे ठेवून बनविलेली आहेत. 'होम डिझायनर'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये माप भिंतीच्या मुख्य थरापासून घ्यायचे की बाहेरच्या पृष्ठभागापासून, हे आधी ठरवून द्यावे लागते. न ठरवता बसले की ते आपल्या मनाने घेते. गवंड्याला विटेपासून विटेपर्यंतचे माप हवे असते, सुताराला प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंतचे. एकच आकडा दोघांच्या हाती दिला तर एकाचे काम फसणारच.

आमच्या परिचयाच्या एका फर्निचरवाल्याचे असेच झाले. नकाशात खोली दहा फूट रुंद, म्हणजे ३०४८ मिलीमीटर. भिंतीपासून भिंतीपर्यंत कपाट हवे होते. त्याने कारखान्यात कपाट तयार केले, लॅमिनेट लावले, टेम्पोत घालून आणले. खोली भरली ३०२४. दोन्ही बाजूंच्या प्लास्टरने चोवीस मिलीमीटर, म्हणजे साडेसात सूत, खाऊन टाकले होते. कपाट परत गेले, बाजूचा पॅनल उतरवून कापला, लॅमिनेट नव्याने लागले, टेम्पोचे भाडे दोनदा झाले. घरमालक म्हणाला, नकाशा तुम्ही पाहिला होता. नकाशा काढणारा म्हणाला, माझे माप बरोबर आहे. आणि ते बरोबरच होते, विटेचे होते. कोणी विचारील की साइटवर टेप का लावली नाही? लावली होती. पण तेव्हा प्लास्टर व्हायचे होते.

मापाच्या रेघांचाही एक गुण सांगायला हवा. 'स्वीट होम थ्रीडी' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर लहान कारागिरासाठी फार उपयोगी आहे, आम्ही ते अनेकांना सुचवतो. पण त्यात मापाची रेघ भिंतीला बांधलेली नसते. भिंत सरकवली तरी रेघ जागच्या जागी राहते आणि जुनाच आकडा दाखवीत बसते. याउलट 'होम डिझायनर'मध्ये मापाच्या आकड्यावर क्लिक करून नवा आकडा टाकला की भिंतच सरकते. कोणती भिंत? जी आपण आधी निवडली असेल ती. न्हाणीघर सहा इंच वाढवायचे म्हणून आकडा बदलला, निवडलेली होती बाहेरची भिंत, तर घरच सहा इंच बाहेर गेले. पडद्यावर सहा इंच कोणाच्या लक्षात येणार? म्हणून तुकड्या-तुकड्यांच्या मापांबरोबर बाहेरून बाहेरपर्यंतचे एकूण माप नकाशावर असलेच पाहिजे, आणि भिंतींच्या जाडीसह सगळ्या तुकड्यांची बेरीज त्याच्याशी जुळली पाहिजे. दुकानदार रोजमेळ जुळवतो, तसेच हे.

आता साइट प्लॅन. बाहेर गेलेली ती भिंत शेवटी कोणाच्या तरी हद्दीकडे जाते, म्हणून हा विषय आम्ही अधिक महत्त्वाचा मानतो. खोली चुकली तर पैसे जातात. हद्द चुकली तर शेजाऱ्याशी बोलणे बंद होते, आणि शेजारी अनेकदा सख्खा भाऊच असतो.

खरेदीखतात प्लॉट ३० बाय ५० लिहिलेला असतो. मुलगा संगणकावर सरळ आयत काढतो आणि आत घर बसवायला लागतो. पण चार बाजूंची लांबी माहीत असली म्हणून चौकोनाचा आकार ठरत नाही. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून पाहा, ती चौकट हवी तितकी कलते. त्रिकोण कलत नाही. म्हणून कर्ण मोजायचा असतो. ३० बाय ५० चा प्लॉट काटकोनात असेल तर त्याचे दोन्ही कर्ण ५८ फूट पावणेचार इंच भरतात. तोच प्लॉट फक्त पाच अंश कललेला असेल तर एक कर्ण साडेसाठ फूट आणि दुसरा ५६ फूट येईल. क्षेत्रफळ पाहाल तर १५०० ऐवजी १४९४ चौरस फूट, फरक नगण्य. पण मागची हद्द नकाशात दिसते तिथे नसते, ती बाजूला ४ फूट ४ इंच सरकलेली असते. सरळ आयत धरून कंपाऊंडची भिंत बांधत गेलात तर मागच्या कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत एका शेजाऱ्याचे चार फूट तुमच्या आत आलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला तुमचेच तितके बाहेर राहिलेले असतात. घराचेही तेच. समोरून पाच फूट सोडलेले सामासिक अंतर मागे जाता जाता आटत जाते.

जुन्या गवंड्याला हे शिकवावे लागत नव्हते. दोन कोपऱ्यांवर खुंट्या, दोन दोऱ्या, एक बाजूच्या लांबीची आणि एक कर्णाची. दोऱ्या जिथे एकमेकींना भेटल्या तिथे तिसरा कोपरा. संगणकावर हेच करता येते. 'लिब्रेकॅड'मध्ये, जे फुकट मिळते, किंवा 'स्केचअप'मध्ये दोन कोपऱ्यांवर त्या त्या मापाचे वर्तुळ काढा, वर्तुळे छेदतात तो तिसरा कोपरा. एका कर्णावरून आकृती काढावी आणि दुसरा कर्ण पडताळ्यासाठी ठेवावा. तो जुळला नाही तर पुन्हा जाऊन टेप धरावी. 'स्वीट होम'मध्ये प्लॉटसाठी वेगळे हत्यार नाही, खोलीच्या हत्याराने हद्द काढावी लागते. भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, ज्याला आपण क-प्रत म्हणतो, तो हातात असेल तर स्कॅन करून पार्श्वभूमीला टाकता येतो आणि त्यावरील एखादी माहीत असलेली लांबी सांगितली की त्याचे प्रमाण बसते. क-प्रतीवरून काम करणे हेच उत्तम. सातबाऱ्यावरचे क्षेत्र पाहून प्लॉट काढणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. तिथे लिहिलेला आर आणि आपला गुंठा एक नव्हे. गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. पाच गुंठ्यांत ६३ चौरस फुटांचा फरक पडतो. एवढ्यात एक न्हाणीघर आणि संडास बसतो!

साइट प्लॅनवर काय असावे? चारही हद्दींची लांबी आणि कर्ण, शेजारचे गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, रस्ता आणि त्याची रुंदी, पुढचे, मागचे व बाजूंचे सामासिक अंतर, विहीर, सेप्टिक टँक, आधीचे बांधकाम, आणि उत्तर दिशा. सामासिक अंतर हद्दीला लंब धरून, घराच्या सर्वांत जवळच्या कोपऱ्यापासून मोजावे. सोयीच्या जागेवरून मोजू नये. उत्तर दिशेबद्दल थोडे अधिक. सॉफ्टवेअर उघडले की कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर असे ते गृहीत धरते. मुले बाण फिरवायला विसरतात. आपले गिऱ्हाईक संडासाच्या भांड्याची दिशा किबल्याच्या हिशेबाने सांगते, नमाजाची खोली काढायला लावते. मुंबईच्या बाजूला किबला नेमका पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून सुमारे दहा अंश उत्तरेकडे आहे. बाणच चुकला तर पुढचे सगळे चुकते. मोबाइलमधील होकायंत्र सळईच्या ढिगाजवळ धरू नये, हेही सांगून ठेवतो, कारण ते तिथे हमखास बहकते.

नकाशा छापताना 'फिट टू पेज' हा पर्याय बंद करावा. ए-३ कागदासाठी १:१०० ने काढलेला नकाशा ए-४ वर दाबून छापला की तो १:१४१ चा होतो. वरचा मजकूर मात्र १:१०० असेच सांगत राहतो. म्हणून छापील नकाशावर पट्टी लावून माप काढू नये, लिहिलेला आकडाच प्रमाण मानावा. आकडा लिहिलेला नसेल तर विचारावा.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरगुती सॉफ्टवेअरवर काढलेला साइट प्लॅन म्हणजे बांधकाम परवानगीचा नकाशा नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे एक हेक्टरपर्यंतच्या जागेचा साइट प्लॅन १:५०० पेक्षा लहान प्रमाणात चालत नाही. मुंबई महानगरपालिका व आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यात २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. परवानगीच्या नकाशावर वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही लागते. ती फी वाचविण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही. पण त्यांच्याकडे कर्णासह मोजलेला आणि दिशा दाखविलेला नकाशा घेऊन गेलेल्या माणसाचे काम लवकर होते, आणि त्याला काय चालले आहे ते समजते.

राहिला मोबदल्याचा प्रश्न. आपला कारागीर माप घ्यायला जातो ते फुकट, असा रिवाज पडला आहे. चहा मिळाला तरी समाधान. हा रिवाज मोडायला हवा असे आम्हाला वाटते. माप घेणे, नकाशावर टाकणे आणि प्लास्टर झाल्यावर पुन्हा येऊन पडताळणे हे तीन फेऱ्यांचे काम आहे, ते बिलात वेगळे लिहावे. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुर करील. काम घेतले तर ही रक्कम मजुरीतून वजा करू, असे सांगितले की बहुतेक जण तयार होतात.

कपाट परत आणावे लागलेल्या आमच्या त्या परिचिताने आता प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ छापून घेतली आहे: "मापे मिलीमीटरमध्ये, प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत, साइटवर तपासल्याची तारीख ......" तारखेची जागा तो पेनाने भरतो आणि शेजारी घरमालकाची सही घेतो. मागच्या महिन्यात एका घरमालकाने सही करता करता त्याला थांबविले आणि विचारले की न्हाणीघराला टाइल्स लागायच्या आहेत, मग तिथले माप कसे धरायचे? तारीख न भरताच तो टेप घेऊन परत आत गेला.