मधल्या फळींतला गडी

आमच्या आरमोरीच्या घरांत सध्यां एका अर्जावरून दोन तट पडले आहेत. थोरल्या बंधूंचा धाकटा चिरंजीव यंदा बारावीस बसला आहे, आणि गोव्यास जाऊन एका फुटबॉल क्लबाच्या निवडचांचणीस उतरण्याची त्याची इच्छा आहे. अर्जावर पालकाची सही पाहिजे. दादांचें म्हणणें एका वाक्याचें : "खेळून कोणाचें पोट भरलें आहे?" वाचकांपैकीं पुष्कळांच्या ओसरीवर हा प्रश्न केव्हां ना केव्हां निघाला असेल, म्हणून या महिन्याचें पान त्यालाच देत आहों.

पुतण्यानें पुरावा म्हणून नांव काढलें तें क्लायमॅक्स लॉरेन्स याचें. नांव ऐकून आई हंसली. झाडीपट्टींत जन्म गेल्यामुळें तिला हा शब्द नाटकाच्या शेवटच्या प्रवेशाचा म्हणूनच ठाऊक. पण हा गृहस्थ खरोखरीचा, गोव्याचा, १९७९ सालीं जन्मलेला. त्याची मैदानावरची जागा मधल्या फळींतली. ही जागा घरांतल्या मधल्या भावासारखी असते. (आम्ही स्वतः मधले आहों, तेव्हां हे अनुभवाचे बोल समजावे.) प्रतिपक्षाचा हल्ला मोडावयाचा, मागच्यांनीं अडविलेला चेंडू घ्यावयाचा आणि पुढच्या गड्याच्या पायाशीं नेऊन द्यावयाचा. गोल झाला तर टाळ्या पुढच्यास, अंगावर गोल बसला तर बोल मागच्यास. मधला कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

एक दिवस मात्र तो राहिला. ता. ३० जुलै २००८ रोजीं हैदराबादेस आशियाई चॅलेंज चषकांतील भारताचा पहिला सामना अफगाणिस्तानशीं होता. नव्वद मिनिटें सरलीं तरी कोणाचाच गोल नव्हता. खोळंब्याबद्दल मिळालेल्या जादा वेळाच्या पहिल्याच मिनिटास लॉरेन्सनें गोल केला आणि सामना तेवढ्यावर जिंकला गेला. पुढें ता. १३ ऑगस्टला दिल्लींत ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव होऊन चषक आपल्याकडे आला, आणि त्या जोरावर २०११ सालीं, १९८४ नंतर प्रथमच, भारतास आशिया चषकांत प्रवेश मिळाला. लॉरेन्स त्याहि संघांत होता. तेथें आपण तिन्ही सामने हरलों. पुतण्यानें एवढें सांगितलें नव्हतें. आम्हांस तें शोधून काढावें लागलें.

परंतु दादांस गोल नको होते, मिळकत पाहिजे होती. पूर्वीं मुंबईस चांगल्या फुटबॉलपटूस टाटा, मफतलाल, रेल्वे अशा ठिकाणीं नोकरी मिळे. पगार नोकरीचा, खेळ वरकड. १९९६ सालीं राष्ट्रीय लीग सुरू झाली, आणि निव्वळ खेळाचा पगार घेणाऱ्यांची पिढी पुढें आली. लॉरेन्स त्या पिढीचा. साळगांवकर, कोलकात्याचा ईस्ट बंगाल आणि मुख्यतः धेंपो या क्लबांतून तो खेळला. २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीन वेळां धेंपोनें आय-लीग जिंकली, तेव्हां तो त्या संघांत होता. साळगांवकर आणि धेंपो हे दोन्ही क्लब गोव्यांतील खाणवाल्या घराण्यांचे. २०१६ सालीं लीगच्या रचनेच्या वादावरून या दोघांनीं आय-लीगमधून अंग काढून घेतलें. दादांनीं नेमकें तेंच पकडलें : "म्हणजे मालकाच्या मनांत आलें कीं संघ बंद!" हें खोडून काढणें कठीण आहे.

पगाराचा संकोच केवळ आपल्याकडेच आहे असें मात्र नाहीं. स्वीडनचा निल्स लीडहोम हाहि मधल्या फळींतला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत त्याच्या देशानें सुवर्णपदक मिळविलें. पुढच्या वर्षीं तो इटलींतील मिलान क्लबाकडे पगारावर गेला, आणि स्वीडनच्या संघाचें दार त्याला बंद झालें. पगारी खेळाडूंस तेथें त्या काळीं मज्जाव होता. १९५० ची विश्वचषक स्पर्धा त्याच्यावांचून झाली. १९५८ सालीं ती स्पर्धा स्वीडनमध्येंच भरली, तेव्हां नियम सैल झाला होता. पस्तीस वर्षांचा लीडहोम कर्णधार झाला आणि अंतिम सामन्यांत चौथ्या मिनिटास त्यानें ब्राझीलवर गोल केला. सामना ब्राझीलनें ५-२ असा जिंकला, तो भाग वेगळा.

यावर दादांनीं त्याच लंडन ऑलिंपिकांतला आपला कर्णधार पुढें केला. तालिमेरेन आओ तेव्हां कलकत्त्यास वैद्यकी शिकत होता. फ्रान्सशीं २-१ असा सामना हरून परतला, डॉक्टर झाला, आणि नागालँडांत लोकांच्या उपयोगीं पडला. "खेळलाहि आणि शिकलाहि," दादा म्हणाले. या मुद्द्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

एक गोष्ट तेवढी आम्ही बोलून दाखविली. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या भागांत झाडीपट्टीचीं नाटकें रात्रभर चालतात. त्यांतील कितीएक नटांचीं घरें त्या मिळकतीवर उभीं आहेत, आणि पावसाळ्यांत त्यांतलेच कांहीं जण धानाच्या बांधींत रोवणीस वांकलेले दिसतात. दादा पुढच्या रांगेचें तिकीट काढून तीं नाटकें पाहतात. नटाच्या पोटाची चौकशी त्यांनीं कधीं केल्याचें स्मरत नाहीं.

"आणि पस्तिशीनंतर?" आईनें मध्येंच विचारलें. पुतण्या म्हणाला, "आजी, लॉरेन्सला २०२२ सालीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणींत घेतलें." "कार्यकारिणीवर जेवण शिजत नाहीं रे," असें म्हणून ती आंत गेली.

अर्ज अजून फडताळांतच आहे. काल दुपारीं दादा चष्मा लावून तो वाचीत होते. आम्हांस पाहून त्यांनीं घडी घातली, आणि बारावीचा निकाल कोणत्या तारखेस लागावयाचा आहे एवढेंच विचारलें.