टोमॅटो लावा, पण ड्रम कशाचा ते आधी पाहा

गेल्या उन्हाळ्यात सातपाटीच्या एक मावशी रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आल्या होत्या. सुके बोंबील आणि खारवलेली मासळी कमी करा, ताजी मासळी व भाजी वाढवा, असे मी त्यांना मागेच सांगितले होते. त्यांनी ते मनावर घेऊन फेब्रुवारीत अंगणात टोमॅटोची दोन रोपे लावली. "डॉक्टर, फुलं भरपूर आली, पण एकही टोमॅटो धरला नाही. सगळी फुलं गळाली. खारं वारं लागलं म्हणायचं का?"

वाऱ्याचा दोष थोडाफार असेल, पण मुख्य दोष महिन्याचा. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या घरात गेले आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोची फुले फळ न धरता गळतात. आपल्या किनाऱ्यावर पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, बी टाकावे आणि साधारण चार आठवड्यांचे रोप कुंडीत हलवावे. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फळ हाती येते. जूनमध्ये लावण्याचा उत्साह मीही एकदा दाखवला आहे. पहिल्याच झडीत रोपे कुजली.

"मावशी, रोपं लावलीत कशात?" मी सहज विचारले. "निळा ड्रम मधोमध कापला. भंगारात स्वस्त मिळाला. साबणाने दोनदा धुतला की!" आत पूर्वी काय होते ते त्यांना ठाऊक नव्हते. अर्धवट फाटलेल्या चिठ्ठीवर कवटीचे चित्र होते, एवढे आठवत होते. तसाच आणखी एक ड्रम घरात आहे, त्यात पिण्याचे पाणी भरतो, हेही त्या बोलता बोलता सांगून गेल्या.

टोमॅटोचा विषय तिथेच थांबला. पाण्याचा ड्रम आजच बाहेर काढा, असे मी त्यांना सांगितले.

बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आपल्या शेजारी आहे आणि रसायनांची ने-आण ड्रमांतूनच होते. रिकामा ड्रम मजबूत असतो, स्वस्त मिळतो, म्हणून घरोघरी येतो. पण काही रसायने प्लास्टिकमध्ये मुरतात. साबणाने वरचा थर जातो, मुरलेले जात नाही. ते पुढे पाण्यात आणि मातीत हळूहळू उतरते. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार घातक रसायनांनी माखलेला रिकामा ड्रम हाही घातक कचराच आहे. तो बाजारात येता कामा नये हे खरे, पण विकणाऱ्याला बोल लावून आपण मोकळे होऊ नये, कारण घेणारे आपणच आहोत. प्रत्येक निळा ड्रम विषारी असतो असे मी म्हणत नाही. आत काय होते हे सांगता येत नसेल तर तो घरात आणू नये, इतकेच माझे म्हणणे आहे. आणि आणलेला असेल तर जाळू नये, धूर आणखी वाईट.

कुंडीसाठी सातपाटीत साधनांची वाण नाही. मासळीची जुनी थर्माकोलची पेटी खार जाईपर्यंत धुऊन, तळाला भोके पाडून वापरावी. गोडेतेलाचा डबा किंवा तांदळाची गोणीही चालते. वीतभर खोली पुरत नाही, हातभर हवी. किनाऱ्याची वाळू घेऊ नये. चांगली माती आणि कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे घ्यावे. ताजी मासळी धुतलेले पाणी पातळ करून कधीमधी घातले तर हरकत नाही, खारवलेल्या मासळीचे मात्र नको. मासळीची डोकी कुंडीत पुरू नयेत. उंदीर येतात, आणि उंदरांबरोबर लेप्टोस्पायरोसिस. विहिरीचे किंवा बोअरिंगचे पाणी मचूळ असेल तर फळाचा बूड काळा पडण्याची शक्यता वाढते. वाणाबद्दल डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. ते माझे क्षेत्र नव्हे.

एका वाचक भगिनीने टोमॅटिलोबद्दल विचारले आहे. हे मेक्सिकोचे फळ, आपल्याकडे रानात दिसणाऱ्या चिरबोटीच्या नात्यातले, तसेच पापुद्र्यात गुंडाळलेले. टोमॅटोचे एकच झाड फळते. टोमॅटिलोची निदान दोन झाडे जवळजवळ लागतात. नवख्याने आधी टोमॅटोच लावावा.

दोन झाडांनी घराची भाजी भागणार नाही, पण रोजच्या कालवणात एक ताजा टोमॅटो पडेल. त्यातले क जीवनसत्त्व डाळ-पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत करते, आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणे हे माझे रोजचे पाहणे आहे. शिवाय आंबटपणा असला की मीठ थोडे कमी चालते. दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सुक्या मासळीच्या घरात तो आकडा केव्हाच ओलांडला जातो. टोमॅटोने मुतखडा होतो ही भीती मात्र बहुतांशी पोकळ आहे. खडा करणारे ऑक्झलेट पालकात त्याहून कितीतरी जास्त असते. ज्यांची मूत्रपिंडे खरोखर कमजोर आहेत त्यांनी पोटॅशियमसाठी डॉक्टरांना विचारूनच खावा.

आणि कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडी करावी. डेंग्यूच्या डासाला तेवढे पाणी पुरते, आणि अंडी ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात, नुसते ओतून जात नाहीत.