बंदूक गेली, कॅमेरा आला

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात फ्लॅम्बरो नावाचे एक भूशिर उत्तर समुद्रात घुसलेले आहे. त्याच्या जवळच बेम्प्टन गावापाशी खडूच्या पांढऱ्या दगडाचे कडे समुद्रातून सरळ वर उठलेले असून काही ठिकाणी त्यांची उंची शंभर मीटरांहूनही अधिक भरते. हिवाळ्यात हे कडे बहुतेक ओसाड असतात. वसंत ऋतू लागला की दूरदूरच्या सागरावर विखुरलेले लक्षावधी पक्षी येथे परत येतात आणि पाहता पाहता त्या उभ्या भिंतीवर एक गजबजलेले नगर वसते. आपल्याकडे पावसाची झड लागलेली असते, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. त्या दिवसांत हे नगर पाहण्यासाठी लोक लहान होड्यांतून समुद्रावर जातात. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण असते, नाही तर कॅमेरा.

होडी कड्याच्या जवळ येऊ लागली की प्रथम कानांवर कोलाहल पडतो. किटिवेक नावाचे कुरव जातीचे पक्षी स्वतःच्याच नावाचा घोष करीत असतात. त्यांच्या ओरडण्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले आहे. चिखल व गवत यांची त्यांची घरटी कड्याला जणू चिकटवलेली दिसतात. गिलेमॉट पक्षी तर घरटे बांधण्याच्या भानगडीतच पडत नाही. अरुंद कंगोऱ्यावर, उघड्या दगडावरच, त्याची मादी एकुलते एक अंडे घालते. ते एका टोकाला निमुळते असते. नर व मादी आळीपाळीने ते पायांवर घेऊन उबवतात. पिलू तीन आठवड्यांचे झाले की धड उडता येत नसतानाही ते कड्यावरून खाली उडी घेते आणि पाण्यात वाट पाहणाऱ्या बापाबरोबर खोल समुद्राकडे पोहत जाते. रंगीत चोचीचा पफिन दगडांच्या फटींतून डोकावत असतो. वर आकाशात गॅनेट हा मोठा शुभ्र पक्षी संथपणे घिरट्या घालतो. पाण्यात मासा दिसताच तो पंख मागे घेऊन बाणासारखा खाली झेपावतो. हे सारे पाहताना कोणाचेही मन हरखून गेल्यावाचून राहत नाही. आणि जे पाहिले ते चित्ररूपाने जवळ ठेवावे, असे वाटणेही स्वाभाविकच आहे.

परंतु याच समुद्रावर, याच कड्यांखाली, सुमारे दीडशे वर्षांपूर्वीही उन्हाळ्यात होड्या येत असत. त्या वेळी त्यांतील माणसांच्या हातांत बंदुका असत. शहरांतून हौशी लोक आगगाडीने येत, होडी भाड्याने घेत आणि कड्यावर बसलेल्या पक्ष्यांवर गोळ्या झाडीत. त्यांना मांस नको होते. नेम साधणे, एवढाच तो खेळ होता. मांजराचा खेळ होतो, पण उंदराचा जीव जातो, ही म्हण तेथे अक्षरशः खरी ठरत होती. विणीचा हंगाम असल्यामुळे एक पक्षी मेला म्हणजे त्याचे पिलूही उपासमारीने मरे. शिवाय किटिवेकच्या पिसांना बाजारात चांगली किंमत येई, कारण श्रीमंत स्त्रियांच्या टोप्यांवर ती खोवली जात.

या क्रूर खेळाविरुद्ध आवाज उठवणारी माणसे त्याच परिसरात निघाली. ब्रिडलिंग्टन येथील धर्मोपदेशक हेन्री बार्न्स-लॉरेन्स हे त्यांपैकी प्रमुख होते. खलाशांचाही एक आधार त्यांना मिळाला. दाट धुक्यात कडा दिसत नसे, पण पक्ष्यांचा कलकलाट ऐकून नावाडी सावध होत व जहाज वाचे. म्हणून या पक्ष्यांना लोक ‘फ्लॅम्बरोचे वाटाडे’ म्हणत. शेवटी १८६९ साली ब्रिटिश पार्लमेंटने समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळात त्यांना मारण्यास मनाई झाली आणि प्रत्येक पक्ष्यामागे एक पौंडापर्यंत दंड ठरला. त्या कायद्याने अंड्यांना मात्र संरक्षण दिले नव्हते. कमरेला दोर बांधून कड्यावर उतरायचे आणि टोपल्या भरभरून अंडी काढायची, हा उद्योग बेम्प्टन येथे १९५४ सालचा कायदा येईपर्यंत चालू होता.

बंदूक गेली आणि कॅमेरा आला, ही निःसंशय प्रगती होय. परंतु येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. माणसाच्या हातात काय आहे, हे पक्ष्याला कळत नाही. कोणीतरी फार जवळ आले आहे, एवढेच त्याला कळते. होडीचे यंत्र जोराने घरघरले, कोणी टाळी वाजवली किंवा आरोळी ठोकली, म्हणजे कंगोऱ्यावरचे शेकडो गिलेमॉट एकदम हवेत झेप घेतात. छायाचित्रकाराला उडत्या थव्याचे सुरेख चित्र मिळते. पण त्या गडबडीत पायांवरचे अंडे घरंगळते आणि खाली खडकावर फुटते. जे उरते त्यावर टपलेला मोठा कुरव झडप घालतो. बंदुकीचा आवाज न होताही पक्ष्याचा वंश त्या क्षणी एकाने कमी झालेला असतो, आणि होडीतील आनंदी मंडळींना त्याचा पत्ताही नसतो.

यावर कोणी म्हणेल, ‘दूर राहिलो तर चित्रात पक्षी ठिपक्याएवढाच दिसेल. मग एवढ्या लांब येण्याचा उपयोग काय?’ या प्रश्नाचे उत्तर यॉर्कशायरमध्येच जन्मलेल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी फार पूर्वी आपल्या कृतीने दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जड कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या वापरण्याच्या काळात, त्यांनी रानातल्या पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. पक्षी बुजू नये म्हणून ते नाना युक्त्या करीत. १९०० साली तर त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल तयार करून घेतला. त्याच्या पोटात शिरून तासन्‌तास अवघडून बसायचे आणि कातड्याच्या छिद्रातून चित्र घ्यायचे, असा त्यांचा क्रम असे. पक्ष्याला त्रास देण्यापेक्षा स्वतः त्रास सोसणे त्यांनी पसंत केले. आज तर दूरच्या वस्तू जवळ आणणारी भिंगे उपलब्ध आहेत. ज्यांच्याजवळ अशी साधने नव्हती त्यांनी धीर धरला. ज्यांच्याजवळ ती आहेत त्यांनी उतावीळपणा करावा, हे शोभणारे नाही. शिवाय चित्रात पक्षी लहान दिसला म्हणून काय बिघडले? अफाट कडा, खाली खवळलेला समुद्र आणि त्या दोहोंच्या मध्ये तो इवलासा जीव, हे चित्र पक्ष्याचे खरे जीवन अधिक सांगते.

तर मग होड्याच बंद कराव्यात काय? तसेही म्हणता येणार नाही. जे कधी पाहिलेच नाही त्याच्याविषयी माणसाला माया वाटत नाही. १८६९ चा कायदा घडवून आणण्यात कड्यांशेजारी राहणाऱ्या आणि पक्ष्यांना रोज पाहणाऱ्या माणसांचा हात होता. आजही समुद्रपक्ष्यांच्या वसाहती मोजताना अभ्यासकांना छायाचित्रांचा उपयोग होतो. म्हणून माणसाने जावे, डोळे भरून पाहावे, चित्रही काढावे. मात्र पाहुण्याने यजमानाच्या घरी जसे वागावे तसे वागावे. होडी सावकाश चालवावी, आवाज करू नये. पक्षी माना उंच करून अस्वस्थपणे इकडेतिकडे पाहू लागले, की आपण मर्यादा ओलांडली असे समजून मागे फिरावे. ज्या चित्रासाठी पक्ष्याला आपली जागा सोडावी लागते, ते चित्र न काढलेलेच बरे.

ही गोष्ट केवळ यॉर्कशायरपुरती नाही. आपल्या कोकणाच्या किनाऱ्यालाही ती लागू पडते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकाळ बेटांचा एक समूह आहे. तेथे सुरय जातीचे समुद्रपक्षी अंडी घालतात आणि गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. एके काळी ही घरटी चोरून विकली जात असत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांप्रमाणेच त्यांच्या अंड्यांना व घरट्यांनाही संरक्षण दिले आहे. हिवाळ्यात मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे कुरवांचे थवे उडतात, तेव्हा प्रवासी त्यांना तळलेले पदार्थ टाकतात आणि ते झेलतानाची चित्रे काढतात. पुळणीवर विसावलेला थवा उडावा म्हणून काही मुले आरडाओरडा करीत त्याच्यामागे धावतात. त्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु हजारो कोस उडून थकलेल्या पाखराची विश्रांती आपण मोडली, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही.

कायदा बंदूक हिरावून घेऊ शकतो. पण होडी किती जवळ न्यावी, आवाज कधी थांबवावा, हे दर वेळी कायदा सांगायला येत नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवावे लागते. उन्हाळ्यात गिलेमॉटचे पिलू त्या उंच कड्यावरून धाडसाने उडी घेते. ते खाली समुद्रात सुखरूप पोचावे म्हणून होडीतल्या एखाद्या मुलाने हातातला कॅमेरा क्षणभर खाली ठेवला आणि होडी मागे घेण्यास नावाड्याला सांगितले, तर त्याच्याजवळ दाखवायला चित्र नसेल. पण पुढच्या वर्षीही त्या कड्यावर पक्षी येतील, आणि त्यात त्याचा थोडासा वाटा असेल.