मोजमाप टाकीचे, खताचे नव्हे

‘नाडेप’ हे एखाद्या सरकारी योजनेचे इंग्रजी लघुरूप असावे, असे येथे चेन्नईत माझ्या काही सहकाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावातील ती अक्षरे आहेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ठाऊक असायला हवे.

शेतातील काडीकचऱ्याचे खत करण्याची इंदूर पद्धत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी 1931 मध्ये ग्रंथरूपाने मांडली. तीत ढीग पुनःपुन्हा खालीवर करावा लागे. पांढरीपांडे यांनी 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच अशी विटांची जाळीदार टाकी सुचविली. भोकांतून हवा खेळते. ढीग उलथण्याचे श्रम वाचतात. सुमारे 1,400 किलो काडीकचरा, 1,750 किलो माती, पाणी आणि शेण अवघे 100 किलो. तीन-चार महिन्यांत जवळजवळ 3 टन खत तयार होते.

मग आपल्याकडे उसाचे पाचट अजूनही का पेटविले जाते? शेतकऱ्याचे अज्ञान हे उत्तर मला पटत नाही. 45 किलो युरियाची गोणी कर व निंबलेपाचा खर्च वगळता 242 रुपयांस मिळते. तीत 20 किलोंहून अधिक नत्र असते. तेवढ्या नत्रासाठी 1 टक्का नत्राचे कंपोस्ट 2 टन वाहावे लागेल. अर्थात कंपोस्ट जमिनीस सेंद्रिय कर्ब देते, ओल धरून ठेवते. पण या गुणांना बाजारभाव नाही, म्हणून ते फाइलीतही येत नाहीत.

शासनाने अनुदान दिलेच नाही असे नव्हे. 2016 मध्ये शहरी कंपोस्टसाठी आणि 2023 मध्ये गोबरधन प्रकल्पांच्या सेंद्रिय खतासाठी टनामागे 1,500 रुपये जाहीर झाले. परंतु ते विकल्या गेलेल्या खतावर. स्वतःचे खत स्वतःच्याच शेतात घालणाऱ्याकडे विक्रीचे बिल कोठून असणार? 2005 च्या रोजगार हमी कायद्याखालील कामांत नाडेप टाकी होती. तेथेही मोजमाप पुस्तिकेत चढे ते विटांचे बांधकाम. टाकी पुढे भरली की तिच्यात शेळ्या बांधल्या, हे कोण पाहणार?

माझ्या मते पैसा टाकी भरण्याच्या मजुरीवर द्यावा, दर भरणीमागे. 2015 पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाची नोंद असते. जेथे तो कमी, तेथून आरंभ करावा. बोगस नोंदी होतील ही शंका रास्त आहे. तथापि टाकी जागची हलत नाही. भरताना एक व रिकामी करताना एक, अशा कृषी सहायकाच्या दोन भेटी पुरेत.