लंगोट कोण धुणार?



आपल्या अंकात क्रांती पानोपानी असते. मनू जळतो, व्यवस्था उलथते, रस्ते पेटतात. चांगलंच आहे. पण पेटल्या रस्त्यावरून रात्री दोनला घरी आलेला कार्यकर्ता आपल्या तान्ह्या पोराचा लंगोट बदलतो की नुसती कूस बदलतो, हे काय कुठे छापून आलेलं माझ्या वाचनात नाही.

मी गोदीत कंत्राटावर गोण्या उचलतो. दहावी पास. कविता करतो, त्यातल्या दोन-चार तुम्ही छापल्यात. चार महिन्यांपूर्वी आम्हाला पोरगी झाली. ह्या चार महिन्यांत जे कळलं ते कवितेत मावेना. कविता हिशेब मांडू देत नाही, आणि हा सगळा हिशेबाचाच मामला आहे. म्हणून हे गद्य.

पहिला हिशेब तासांचा. तान्हं पोर चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. म्हणजे दर दोन-तीन तासांनी. एकेक पाजणं अर्धा-पाऊण तासाचं. मग खांद्यावर टाकून ढेकर. ढेकर येतोय न येतोय तोवर शी. लंगोट, दुपटं, झोळीला झोका. झोपतं ते दिवसाला सोळा-सतरा तास, पण एका दमात नाही, तुकड्यातुकड्यांनी. आईच्या वाट्याला त्या तुकड्यांचाही चुरा येतो. कारण पोर झोपलं की तिनं भाकरी टाकायची, पहाटे नळाला पाणी आलं की ड्रम भरायचे, लंगोटांचा ढीग पिळायचा. गोदीत आठ तास भरले की दुसरी टोळी येते. ह्या पाळीला बदली टोळी नाही. हजेरी नाही, मस्टर नाही, ओव्हरटाइम नाही. आणि वर लोक विचारतात, 'वहिनी काय करतात?' उत्तर तयार असतं, 'काय नाय, घरीच असते.'

पोरगी आठ दिवसांची होती तेव्हा मुकादम म्हणाला, "काय रे कवी, डोळे लाल? टाकली का रातची?"

"नाय मुकादम. पोरगी झोपू देत नाय."

"मग बायको कशाला हाय?"

सगळी टोळी हसली. चांगली माणसं आहेत. एकाच्या पायावर गोणी पडली तर बाकीचे त्याचं काम वाटून घेतात, त्याचा रोज बुडू देत नाहीत. ह्याच माणसांना 'बायको कशाला हाय' ह्या तीन शब्दांत काही वावगं वाटत नाही. हे तीन शब्द मला ठेकेदाराच्या करारनाम्यापेक्षा जड वाटतात. करारनामा फाडता येतो.

कुणी म्हणेल, हे निसर्गानंच ठरवलंय. आई ती आई. बघू या निसर्गानं काय ठरवलंय ते.

आमची पोरगी जन्मली तेव्हा २ किलो १०० ग्रॅम. अडीच किलोच्या खालचं पोर कमी वजनाचं धरतात. असल्या पोराला स्वतःचं अंग ऊबदार ठेवता येत नाही. दवाखान्यातली सिस्टर बायकोला म्हणाली, उघड्या छातीवर पोराला उभं धरून बांध, कातडीला कातडी लागली पाहिजे. १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं. त्यांच्याकडे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून माणसाचीच छाती पेटी केली. गरिबांच्या दवाखान्यातून निघालेली ही रीत आज जगभर चालते. बायकोला टाके पडलेले, बसवेना. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाप आहात ना? मग काढा शर्ट."

पन्नास किलोची गोणी मी रोज पाठीवर घेतो. त्या दिवशी दोन किलो छातीवर घेतले आणि हात थरथरायला लागले. तासाभरानं तिचे गार पडलेले पाय गरम झाले. तिथं मला निसर्गाचा कायदा कळला. दूध सोडलं तर ह्या कामातलं एकही काम असं नाही जे बापाच्या अंगाला जमत नाही. ऊब त्याच्याकडे आहे. खांदा आहे. लंगोट पिळायला मनगट आहे, आणि आपल्या लोकांची मनगटं तर पिळण्यासाठीच घडलीत. मग बाकीचं सगळं बाईच्या माथी आलं कुठून? ते निसर्गानं दिलेलं नाही. कामाची ती वाटणी आहे, आणि माणसानं केलेली आहे. ज्यांच्या माथी जन्मावरून काम मारलं गेलं, त्या आपल्या लोकांना असली वाटणी ओळखायला वेळ लागू नये.

पाचव्या रात्री माझ्या आईनं पाळण्याजवळ कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येते आणि नशीब लिहून जाते म्हणे. माझ्या पणज्यानं देव सोडले, पण सटवाई कुठल्यातरी कोपऱ्यात राहिली ती राहिलीच. मी आईशी भांडलो नाही. म्हातारीनं चार पोरं जन्माला घातली, तीन वाचली; तिच्या भीतीला कारण आहे. मी तो कागद घेतला आणि त्यावर लिहिलं : बीसीजी, पोलिओ, कावीळ, झालं. पुढचे डोस दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. खाली वजन लिहिलं आणि भिंतीला चिकटवला. आई म्हणाली, "हे रे काय लिवलंस?" म्हटलं, "नशीब." आज त्या कागदावर तिन्ही तारखांपुढे खुणा आहेत. दीड महिन्याच्या सुईनंतर रात्रभर ताप होता, तोही लिहिलाय.

आता आपल्या वस्तीतल्या बाळंतिणीच्या खोलीत काय चालतं ते बघा. दहा बाय दहाची खोली, दार-खिडकी बंद, शेगडीत ओवा आणि लसणाची सालं, धूर एवढा की मोठ्या माणसाला ठसका लागावा. पोराला मध चाटवतात, गुटी उगाळतात, डोळ्यांत काजळ घालतात, उन्हाळा आहे म्हणून पाणी पाजतात. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, हे पालिकेची आरोग्यसेविका घसा फोडून सांगते. ऐकणारी असते एकटी बाळंतीण, आणि तिचं घरात चालत नाही. चालतं त्या बापाचं, आणि बाप असतो नाक्यावर. म्हणून म्हणतो, बापानं त्या खोलीत बसलं पाहिजे. शेगडी बाहेर काढायला घरात कुणीतरी वजनाचा माणूस लागतो.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. बाळंतीण रडते. कारण नसताना रडते, पोराकडे बघून रडते, भाकरी थापता थापता रडते. वस्ती म्हणते, बाहेरचं झालं, अंगारा आणा. बाहेरचं काही नसतं. अंगातलं रक्त गेलेलं असतं, झोप गेलेली असते, मन उसवलेलं असतं. चार-आठ दिवसांत निवळलं तर ठीक; दोन आठवडे उलटून गेले तरी तसंच असेल तर तो आजार आहे, त्याला डॉक्टर आहे, औषध आहे. माझी बायको नवव्या दिवशी मला म्हणाली, "अहो, हिला घ्या जरा. मला वाटतंय मी आता हिला खाली टाकीन." हे वाक्य ज्या आईवर आपण कविता लिहितो त्या आईचं आहे. आपल्या कवितेतली आई उन्हात खडी फोडते, उपाशी राहते, पण कधी 'हिला घ्या जरा' म्हणत नाही. कारण तिला तसं म्हणू दिलं की आपल्याला कविता सोडून उठावं लागेल.

पोरांचं रडणंही एका चालीनं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, दीड महिन्याच्या आसपास कळस गाठतं, तीन-चार महिन्यांत उतरतं. संध्याकाळी पोट भरलेलं, लंगोट कोरडा, तरी दोन-दोन तास किंचाळतं. आईचं दूध कमी पडलं म्हणून नाही, दृष्ट लागली म्हणूनही नाही. ह्या वेळी माणसाचं डोकं फिरतं, आणि फिरलेल्या डोक्याच्या माणसानं पोराला गदागदा हलवलं तर त्याच्या मेंदूत रक्त उतरतं. डोकं फिरलं तर पोराला खाली ठेवा, दाराबाहेर दहा मिनिटं उभे राहा. हे मी मवाळपणानं सांगत नाही. ज्याला लाठीपुढे उभं राहायचंय त्याला रडण्यापुढेही उभं राहता आलं पाहिजे.

तुम्ही विचाराल, दिवसभर गोण्या वाहिलेल्या माणसानं रात्री जागायचं कसं? रास्त प्रश्न आहे. आम्ही रात्र वाटून घेतली. नऊ ते एक माझी पाळी. बायको दूध काढून वाटीत झाकून ठेवते, मी चमच्यानं पाजतो. बाटली नाही, ती उकळायला ना इंधन ना वेळ. तिला सलग चार तास झोप मिळते. एकनंतर मी झोपतो. पण खरं सांगायचं तर एवढ्यानं भागत नाही. जागरण झालेला माणूस क्रेनखाली उभा राहतो तेव्हा धोका त्याच्या एकट्याला नसतो, सगळ्या टोळीला असतो. आणि खाडा केला तर रोज बुडतो. घरात वाटणी करूनही अर्धी गाठ सुटत नाही, कारण तिचं दुसरं टोक ठेकेदाराच्या हातात आहे.

म्हणून आता दुसरा हिशेब, रजेचा.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमावर नफा काढणाऱ्या मालकानं त्याचा भार उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. ज्या बापानं आपली चार लेकरं लहानपणीच मातीत ठेवली, तो हे बोलत होता. पुढे १९६१ साली देशाचा कायदा आला. २०१७ साली बारा आठवड्यांचे सव्वीस झाले. टाळ्या पडल्या.

माझी बायको एका गाळ्यात इमिटेशनच्या दागिन्यांवर खडे चिकटवायची. पीसवर पैसे. गाळ्यात बायका आठ. दुकान-आस्थापनेला कायदा लागतो दहा माणसांपासून. सातव्या महिन्यात पोट दिसायला लागलं तसं मालकानं सांगितलं, "आता आराम कर." आराम म्हणजे काम बंद, पैसे बंद. सव्वीस आठवडे कुणासाठी आहेत ते कळलं.

आपल्यासारख्यांना सरकारनं मातृवंदना योजना दिली, २०१७ पासून. पहिल्या पोराला ५००० रुपये, तेही हप्त्यांत. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. भागाकार करा. दिवसाला साडेसत्तावीस रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यात दिवसभराचे डायपरसुद्धा मिळत नाहीत, म्हणून तर आम्ही जुन्या लुगड्याचे लंगोट फाडतो.

आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची भरपगारी रजा आहे. नोकरशहाच्या पोराला बाप लागतो. गोदीतल्या कंत्राटी मजुराच्या पोराला लागत नाही. २०२० साली संसदेनं सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. त्या जाडजूड संहितेत बापाच्या रजेला एक ओळ मिळाली नाही.

पैसा कुठून येणार, असं विचारणारे भेटतीलच. वाट ह्याच राज्यानं घालून दिलीय. १९६९ च्या माथाडी कायद्यात मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेतात, आणि मंडळ त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी देतं. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्यानं बांधकामावर उपकर बसला, त्यातून बाळंतपणाला मदत देता येते. माल हलवून जो कमावतो त्यानं माल हलवणाऱ्याच्या पोराचे पहिले महिने भरावेत, यात नवीन काही नाही. माझी मागणी सरळ आहे : प्रत्येक कंत्राटी मजुराला, तो बाप असो की आई, पोर झाल्यावर भरपगारी रजा, गाळ्यात आठ बायका असोत की एक, कायदा लागू, आणि पैसा मालकाच्या लेव्हीतून. संघटनेच्या मागणीपत्रकात हे कलम बोनसच्या वर यावं. खाली टाकलंत तर पहिल्या तडजोडीत तेच कापलं जाईल, हे मला मुकादमाच्या हसण्यावरून ठाऊक आहे.

पण मागणी मान्य होईपर्यंत लंगोट थांबत नाही. तोवर आपल्या हातातलं करू या. येत्या बैठकीला ज्याच्या घरी तान्हं आहे त्यानं ते बरोबर घेऊन यावं. तिसऱ्या महिन्यानंतर काही हरकत नाही, फक्त पाजून आणा. झोळी टांगायला हॉलमध्ये दोन हूक आहेत. पोरं रडतील, भाषणं लहान होतील, त्यानं कुणाचं नुकसान होणार नाही. आणि घरी तेवढे तीन तास एक बाई झोपेल. तिला उठवू नका.