शेवटची वाटी

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे घराबाहेर पडलो. निमित्त होते आइस्क्रीमचे. आमच्या गावच्या जमातीची मुंबईतली मंडळी दर उन्हाळ्यात डोंगरीतल्या जमातीच्या खोलीत जमतात आणि हाताने फिरवायच्या संच्यात हापूसचे आइस्क्रीम करतात. एके काळी गावाकडून आलेले लोक जहाजावर नोकरी मिळेपर्यंत याच खोलीत पथारी टाकत. आता तिथे कोणी राहत नाही. पण त्या दिवशी खोली आणि वरची गच्ची माणसांनी भरून जाते.

दूध आटवण्याचे काम दरवर्षी आमच्या अम्मीकडे. आदल्या रात्री उशिरापर्यंत ती शेगडीजवळ उभी होती. मुंब्र्याहून सँडहर्स्ट रोडपर्यंत लोकलमध्ये दुधाचा डबा तिने मांडीवरून खाली ठेवला नाही.

गच्चीवर पोरे संच्याभोवती गोळा झाली. संचा म्हणजे लाकडी पिंप. मधोमध धातूचा डबा, त्यात दूध आणि आंब्याचा रस. भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ. "मीठ खायचं नाही, मग घालतात कशाला?" आमच्या धाकटीने विचारले. नुसत्या बर्फाने दूध गार होते, पण गोठत नाही. मीठ घातले की बर्फ शून्य अंशाच्या खालीही वितळत राहतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. दांडा मात्र सतत फिरवावा लागतो, नाहीतर दुधात बर्फाचे खडे होतात. तरुण मुले आळीपाळीने घाम गाळत होती.

वडीलधाऱ्यांनी जुन्या गोष्टी काढल्या. 1833 मध्ये अमेरिकेतून बर्फाने भरलेले जहाज कोलकात्याला आले, पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. इथून जवळच बोहरी मोहल्ल्यात 1887 पासून ताज आइस्क्रीमचे दुकान आहे. आज तेच आइस्क्रीम आपण गच्चीवर बसून खातो, याचे सगळ्यांना कौतुक वाटले.

मगरिबनंतर वाटप सुरू झाले. आधी पाहुणे, मग बुजुर्ग, मग पुरुष आणि मुले. आम्ही दोन-दोन वाट्या संपवल्या. बायका खाली खोलीत होत्या. वाट्या धुवून वर पाठवायच्या, रिकाम्या परत घ्यायच्या, हे त्यांचे चालले होते. थोड्या वेळाने धाकटी खालून धावत आली. "दादी आइस्क्रीम पितेय!"

आम्ही खाली गेलो. अम्मी वाटी तोंडाला लावून बसली होती. आत पिवळे, पातळ दूध.

"अम्मी, हे तर वितळलंय."

"आइस्क्रीम असंच तर असतं," ती म्हणाली. "मी दरवर्षी असंच खाते."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागले. इतकी वर्षे जी बाई दूध आटवते, तिच्या वाट्याला गोठलेले आइस्क्रीम कधी आलेच नव्हते. आणि आम्हाला ते कधी दिसले नव्हते. हे कुणी मुद्दाम केले नव्हते. म्हणूनच तर इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही.

संचा रिकामा झाला होता. परतताना आम्ही अम्मीला जवळच्या एका दुकानात नेले आणि पहिली वाटी तिच्यापुढे ठेवली. पहिल्या घासाला तिचे दात शिवशिवले. डोळे मिटून ती हसली. मग हळूच म्हणाली, "आंबा चांगला आहे. दूध मात्र आणखी थोडं आटवायला हवं होतं."

पुढच्या वर्षीपासून पहिला डबा उघडला की वाट्या आधी खाली जातील, असे आम्ही जमातीत सुचवले. "एवढं काय त्यात?" एक चाचा म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेल्या चाची काहीच बोलल्या नाहीत. चाचांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि मान हलवली.

वाचकहो, आज रात्री दस्तरखान पसरल्यावर जरा पाहा: तुमच्या घरात शेवटी कोण बसते, आणि तोपर्यंत पातेल्यात काय उरलेले असते?