‘अंगावर पाजू नका’ : कोणाच्या सोयीसाठी?

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. अक्षर मुंगीएवढे, भाषा इंग्रजी. पाजणाऱ्या आईविषयी त्यात बहुधा एवढेच, की डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांना घाई, दुकानदाराला जबाबदारी नको. मग बाळंतिणीला सांगितले जाते, "गोळ्या संपेपर्यंत अंगावर पाजू नका." झाले! घरात पावडरीचा डबा येतो, आणि आठ दिवसांनी सगळे म्हणतात, हिला दूधच नाही.

याला सावधपणा म्हणू नये. हे अंग काढून घेणे आहे. मी बँकेतला कारकून, डॉक्टर नव्हे. पण खतावणीची एकच बाजू लिहिलेली असली की मला ती खटकते. औषधाचा अंश बाळाच्या पोटात जाईल, ही भीती लिहिली. दूध आटेल, छातीत गाठी होतील, बाटलीपायी बाळाला जुलाब लागतील, हे कोणी लिहायचे?

बहुतेक औषधे दुधात फार थोडी उतरतात. बाळाच्या वजनाच्या हिशेबाने ती मात्रा आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चालते, असे तज्ज्ञ धरतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, अमॉक्सिसिलिन, थायरॉईडची रोजची गोळी यांच्यासाठी दूध तोडायचे कारण नाही. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या घेणारी आईसुद्धा पाजू शकते. उलट कर्करोगाची बरीचशी औषधे आणि किरणोत्सारी आयोडीन असेल तर पाजणे थांबवावेच लागते. काही खोकल्याच्या औषधांत असणारे कोडीन शरीरात मॉर्फिन बनते, काही बायकांत तर फार झपाट्याने. म्हणून कोडीन आणि ट्रॅमाडॉल पाजणाऱ्या आईने घेऊ नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली बजावले. सिझेरियननंतर दुखण्यावर ट्रॅमाडॉल आपल्याकडेही देतात. तिथे मात्र कोणी अवाक्षर काढत नाही!

ही माहिती कुठे दडवलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा ‘लॅक्टमेड’ हा संग्रह २००६ पासून फुकट खुला आहे. डॉक्टरांना मोबाईलवर दोन मिनिटे लागतील. पण खानापूर तालुक्यातल्या आपल्या सुनेला तो इंग्रजी संग्रह काय कामाचा? दवाखान्यातून निघताना तिच्या हाती पडणारे जे कागद मी पाहिले, ते एक तर कन्नडात, नाही तर इंग्रजीत.

कोणी म्हणेल, हा बायकांचा विषय, आपला लढा पाट्यांचा. वा रे वा! जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक जी भाषा बोलतात, त्या भाषेत महत्त्वाच्या सरकारी सूचना काढाव्यात, हे १९५६ पासून केंद्राच्या निवेदनात आहे. सात-बाराचा उतारा मराठीत मागताना आपण तोच आधार दाखवतो. मग औषधाच्या सूचना कमी महत्त्वाच्या कशा? १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आपण पत्रके छापतोच. तसेच एक पत्रक बालरोगतज्ज्ञांकडून तपासून छापायला किती खर्च येणार? चालणारी औषधे, न चालणारी, विचारून घ्यायची, एवढे तीन रकाने पुरेत. सरकारी दवाखान्यात ते मराठीतही लावावे, असे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे.

येत्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. महिला आघाडीतून कोणी उभी राहिली तर फार बरे.